विंचू चावला की माणूस दगावायचा, महाडच्या डॉक्टरांनी बीपीच्या गोळीने हे चित्र बदललं

कोकणात घराच्या आडोशाला रचलेलं सरपण, भाताचा पेंढा, कौलं, दगडी गडगे या सगळ्या जागा तांबड्या विंचवाच्या आवडीच्या. हात घातला की नांगी बसते. कधी चपलेत, कधी अंथरुणात.

आज विंचू चावला म्हटलं की लोक दवाखान्यात जातात, औषध मिळतं आणि बहुतेक जण घरी परत येतात. पण ५० वर्षांपूर्वी महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात असं नव्हतं. तांबडा विंचू चावून प्रकृती गंभीर झालेल्यांपैकी ३० टक्क्यांहून जास्त लोक दगावायचे, त्यात लहान मुलं जास्त.

हे चित्र बदललं एका गोळीने. त्या गोळीमागचं नाव म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर.

कोण आहेत डॉ. बावस्कर?

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात १९५१ साली त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे पडेल ती कामं करत शिक्षण घेतलं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले आणि १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले.

तिथे विंचवाचे रुग्ण एकामागून एक यायला लागले. घामाने डबडबलेले, उलट्या करणारे, हातपाय बर्फासारखे गार पडलेले. काही तासांत धाप लागायची, तोंडातून फेस यायचा आणि डोळ्यांदेखत माणूस जायचा.

यावर ठोस उपाय पुस्तकात नव्हता. स्टेरॉईड, अॅट्रोपिन, लघवी वाढवणारी औषधं, गुंगीची औषधं असं बरंच काही दिलं जायचं. त्याने मृत्यू काही थांबत नव्हते.

मग त्यांनी केलं काय?

पहिलं काम केलं ते म्हणजे रुग्णाजवळ बसून राहिले. कुठलं लक्षण कधी दिसतं, बीपी कधी चढतं, नाडी कशी बदलते, हे सगळं लिहून ठेवलं.

यातून लक्षात आलं की रुग्णाचा जीव जातो तो हृदय आणि फुफ्फुसांवरच्या परिणामामुळे. शिवाय त्याची चाहूल आधीच लागते. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटणारी लाळ आणि गार पडलेले हातपाय ही धोक्याची घंटा असते. या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

दरम्यान पुण्यातून एमडी करून ते पुन्हा याच भागात परतले होते.

विंचवाचं विष शरीरात नेमकं करतं काय?

आपल्या मज्जातंतूंमध्ये सोडियमची ये-जा करणारी दारं असतात. तांबड्या विंचवाचं विष ती दारं उघडीच ठेवतं. त्यामुळे अॅड्रेनॅलिनसारखी रसायनं शरीरात भसाभस सुटतात.

परिणामी रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातापायाकडे रक्त कमी जातं, म्हणून ते गार पडतात. बीपी चढतं. आवळलेल्या वाहिन्यांमध्ये रक्त ढकलताना हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. लहान मुलाच्या शरीरात तेवढंच विष गेलं तर वजनाच्या मानाने ते जास्त पडतं, म्हणून मुलांना धोका मोठा.

म्हणजे गरज होती ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करण्याची.

सलाईनमधलं औषध चाललं, पण...

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बावस्कर यांनी सोडियम नायट्रोप्रुसाईड हे औषध वापरलं. ते रक्तवाहिन्या झटक्यात सैल करतं. फुफ्फुसात पाणी झालेले रुग्ण त्याने वाचायला लागले.

पण हे औषध शिरेतून थेंबाथेंबाने द्यावं लागतं, बाटली उजेडापासून झाकून ठेवावी लागते आणि बीपीवर सतत नजर ठेवावी लागते. जरा जास्त गेलं तर बीपी कोसळतं. आयसीयू असलेल्या शहरात हे जमेल. घाटाखालच्या वाडीतला रुग्ण ज्या आरोग्य केंद्रात पोहोचतो, तिथे कसं जमणार?

इथे एंट्री झाली प्राझोसिनची

प्राझोसिन हे मुळात उच्च रक्तदाबाचं औषध. विषामुळे सुटलेली रसायनं रक्तवाहिन्यांवरच्या ज्या 'अल्फा रिसेप्टर'वर जाऊन काम करतात, तीच जागा प्राझोसिन अडवतं. वाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ही स्वस्तातली साधी गोळी आहे. सलाईन लागत नाही, मशीन लागत नाही. किलोमागे साधारण ३० मायक्रोग्रॅम या हिशोबाने डॉक्टर ती तोंडावाटे देतात आणि गरजेप्रमाणे दर ३ तासांनी पुन्हा देतात.

गोळी लागू पडली का, हे कसं कळतं? रुग्णाच्या पायाला हात लावून! गार पडलेले पाय कोमट आणि कोरडे व्हायला लागले की समजायचं, गाडी रुळावर येतेय.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. पहिल्या डोसनंतर बीपी अचानक उतरू शकतं, म्हणून रुग्णाला झोपवूनच ठेवतात. मूल कितीही रडलं तरी त्याला उचलून कडेवर घ्यायचं नाही.

१९८६ मध्ये प्राझोसिनच्या वापरावरचा लेख 'द लॅन्सेट'मध्ये आला. त्यावर डॉ. हिंमतराव यांच्यासोबत त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचंही नाव आहे. पुढे या उपचारामुळे गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं.

विंचवावर लस नाही का?

सापाच्या विषावर असते तशी प्रतिविष लस विंचवावरही आहे. ती प्राझोसिनसोबत दिली तर काय होतं, याची चाचणीही बावस्कर दाम्पत्याने महाडमध्येच केली. २०११ मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली.

यात ७० रुग्ण होते. ३५ जणांना फक्त प्राझोसिन दिलं, ३५ जणांना प्राझोसिन आणि लस दोन्ही. १० तासांनंतर दोन्ही मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे झाले होते. फक्त प्राझोसिनवाल्यांमध्ये हा आकडा ८ होता. म्हणजे दोन्ही दिलं तर रुग्ण लवकर उठतो. पण लस हाताशी नसेल, तेव्हा गोळीच जीव तगवते.

२०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री जाहीर झाली.

विंचू चावला तर काय करायचं?

- रुग्णाला झोपवा, धीर द्या आणि लगेच दवाखान्यात न्या. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.
- चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.
- जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका.
- 'दुखत नाहीये, म्हणजे काही झालं नाही' असं समजू नका. गंभीर रुग्णांमध्ये चावल्या जागी वेदना कमी असू शकते. घाम, उलटी, गार हातपाय यांच्याकडे बघा.
- मोठा काळा विंचू चावला तर बहुतेकदा ठणका जास्त आणि जिवाला धोका कमी असतो. पण अंधारात रंग ओळखण्यात वेळ घालवू नका.
- प्राझोसिनची गोळी घरच्या घरी देऊ नका. डोस वजनावर ठरतो आणि बीपी बघावं लागतं.
- विष उतरवायला मांत्रिकाकडे नेऊ नका.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. गोळी कितीही स्वस्त असली, तरी फुफ्फुसात पाणी भरायच्या आत ती पोटात गेली पाहिजे. मंत्र, पाला आणि 'सकाळी बघू' यात गेलेले दोन-चार तास कुठलीच गोळी परत आणून देत नाही.

म्हणूनच चपला घालण्याआधी झटका, अंथरूण टाकण्याआधी झाडा, सरपणाला हात घालण्याआधी उजेड करा. आणि तरीही नांगी बसलीच, तर आधी दवाखाना गाठा.