छावणीचे पाणी

फाळणीचा इतिहास सांगताना आपण पंजाबचे व बंगालचे नाव घेतो. ठाणे जिल्ह्याचे नाव सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. वास्तविक त्या उलथापालथीतील एक मोठे प्रकरण कल्याणलगत घडले आणि त्याचे धागे पुढे मुरबाडच्या डोंगरातील पाड्यांपर्यंत जाऊन पोहोचले. ते धागे पाण्याचे आहेत.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची प्रशस्त छावणी होती. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या आणि १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे आसरा मिळाला. सुमारे एक लाख माणसे! एकेका बराकीत अनेक कुटुंबे आणि दोन संसारांच्या मध्ये गोणपाटाचा पडदा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिचे नाव उल्हासनगर पडले. 'कॅम्प' हा शब्द मात्र गेला नाही. तेथील माणूस आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असेच सांगतो.

या लोकांनी पापड लाटले, लोकलमध्ये किरकोळ माल विकला, पुढे कापडाचा आणि फर्निचरचा बाजार उभा केला. त्यांच्या चिकाटीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून आम्ही येथे थांबत नाही.

आपल्या वाचकांना कोल्हापूरजवळच्या वळीवडे छावणीची आठवण असेल. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक सारे कॅथलिक, तेथे राहिले आणि निघून गेले. उल्हासनगरचे तसे झाले नाही. पाहुणा चार वर्षे राहिला तर पाण्याची तात्पुरती सोय भागते. तो घर बांधून राहिला, त्याच्या शेजारी कारखाने आले, म्हणजे नदी अडवावी लागते.

१९७२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बारवी नदीवर धरण बांधले. त्यातून सोडलेले पाणी उल्हास नदीला मिळते, जांभूळ येथे ते उचलून शुद्ध करतात आणि उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवलीकडे पाठवतात. शुद्ध पाणी मिळाले की निम्मी दुखणी दाराबाहेर राहतात. छावणीच्या लेकरांना ते मिळाले, याचा आम्हांला आनंदच आहे.

परंतु जमीन गेली ती कोणाची? मुरबाडच्या आदिवासींची आणि कुणबी शेतकऱ्यांची. पुढे धरणाची उंची वाढत गेली आणि तोंडली, काचकोली, मोहघर यांसारख्या वस्त्यांवर पाणी चढले. वाढीव उंचीपर्यंत धरण प्रथम भरले ते २०१९ च्या पावसाळ्यात. सिंधमधून आलेल्यांच्या नुकसानभरपाईसाठी संसदेने १९५४ साली कायदा केला होता. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली, म्हणजे बारवीचे धरण उभे राहिल्यावर चार वर्षांनी. एकाला 'निर्वासित' म्हटले, दुसऱ्याला 'धरणग्रस्त'; घर मात्र दोघांचेही गेले. घरटी एकाला नोकरी हे तत्त्व बारवीच्या लोकांनी मान्य करून घेतले, तेही दीर्घकाळ भांडून.

शेजारच्या शहापूर तालुक्याची कथा याहून जुनी आहे. तानसा तलाव १८९२ चा, वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ चा, त्यानंतर भातसा. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा फार मोठा वाटा या परिसरातून जातो. मुंबई-ठाण्यातील आपली अनेक कुटुंबे सकाळी जो नळ सोडतात, त्याच्या दुसऱ्या टोकाला शहापूर आहे. आणि त्याच शहापुरात एप्रिल उजाडला की पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते.

पाऊस येथे कोकणासारखाच कोसळतो. पण खाली काळा कातळ, वर उतार. पाणी मुरत नाही, धावत सुटते. उन्हाळ्यात बाया ओढ्याच्या कोरड्या पात्रात झिरा खणतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. गढूळ पाण्याने पोरांना हगवण लागते आणि ज्या दिवशी आई पाण्यासाठी बसून राहते, त्या दिवशीची तिची मजुरी बुडते. कितीएक कातकरी कुटुंबे तर दिवाळीनंतर पाड्याला कुलूप लावून भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांची मुले शाळेच्या पटावर असतात, वर्गात नसतात.

उशाशी भातसा असूनही हे का, असे आम्हांला अनेकांनी विचारले आहे. धरण खोऱ्यात असते आणि पाडा डोंगरावर. पाणी आपणहून खाली मुंबईकडे जाते, वर चढवायचे तर पंप हवा, वीज हवी आणि विजेचे बिल भरणारी ग्रामपंचायत हवी. म्हणूनच इगतपुरीकडील, घाटमाथ्यावरच्या भावली धरणातून केवळ उताराने शहापूरच्या गावांना पाणी आणण्याची योजना निघाली. वरच्या धरणाचे पाणी वरच्या पाड्यांना, इतकी ती साधी कल्पना आहे. तानसा भरल्याला तोवर शंभराहून अधिक वर्षे झाली होती.