दाराचे अस्तर आणि डिकी

मोटारीच्या मागच्या कप्प्याला आपण ‘डिकी’ म्हणतो. मराठी बोलणारा म्हणतो, कन्नड बोलणाराही म्हणतो. इंग्लंडात मात्र त्याला ‘बूट’ म्हणतात. जुन्या मोटारींच्या पाठीमागे उघडणाऱ्या जादा बैठकीचे ‘डिकी’ हे नाव आपल्याकडे राहून गेले. दाराला आतून मढवतात ते ‘रेक्झिन’ही मूळचे मँचेस्टरजवळच्या हाइड गावातील एका कारखान्याच्या मालाचे नाव. ज्या देशातून हे शब्द आले, तेथे एके काळी साधी नोकरदार माणसे स्वतःच्या हाताने दारांना अस्तर लावीत आणि डिकी मढवीत. त्यामागे हौस होती. पण हौसेइतकाच हात कराचाही होता.

ब्रिटनमध्ये १९४० साली खरेदी-कर आला. तयार मोटारीवर तो भरावा लागे; सुटे भाग आणून मोटार घरी जोडली, तर तो वाचे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीची ‘सेव्हन’ १९५७ पासून अशी संचरूपाने विकली जाऊ लागली. अॅशली, फाल्कन यांसारख्या कंपन्या फायबरग्लासची नुसती कवचे विकत. ती जुन्या फोर्डच्या किंवा ऑस्टिनच्या सांगाड्यावर चढवायची. आतली सजावट घेणाऱ्याने पाहायची.

हे काम वाटते तितके सोपे नाही. हाताने घडवलेल्या कवचाची दोन्ही दारे तंतोतंत सारखी नसतात, म्हणून प्रत्येक दाराचा कागदी नमुना वेगळा कापावा लागतो. त्यावरून पातळ प्लायवूड किंवा हार्डबोर्ड कापायचा, हँडलची भोके आधीच पाडायची, वर फोम, त्यावर रेक्झिन ताणून कडा मागे चिकटवायच्या. पण खरे मर्म अस्तराच्या मागे असते. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरतेच. ते तळाच्या भोकांतून वाहून जावे आणि फळीला लागू नये, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा ताव लावतात. तो विसरला, तर फळी फुगते आणि वरची सारी शोभा वाया जाते. डिकीतल्या फळ्याही स्क्रूने बसवाव्यात, म्हणजे मागच्या दिव्यांच्या तारांपर्यंत पुन्हा हात पोचतो.

१९७३ च्या एप्रिलमध्ये खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि संचाची सवलत संपली. तरीही त्याच वर्षी केटरहॅम कंपनीने ‘सेव्हन’ आपल्याकडे घेतली आणि संच विकणे चालू ठेवले. पुढे १९९८ पासून अशा मोटारींची सरकारी तपासणी होऊ लागली. तीत आतल्या धारदार कडाही पाहिल्या जातात. ज्या सरकारच्या कराने माणसाला कारागीर केले, तेच आता त्याची कारागिरी तपासते!

मला या इतिहासात आपल्या गावोगावचे कुशनवाले दिसतात. आता कारखान्यातून साच्यात घडलेली प्लॅस्टिकची अस्तरे येतात. ती तुटली की बदलतात, दुरुस्त करीत नाहीत. इंग्लंडात सवलत संपल्यावरही ही कला टिकली, कारण ती घराघरांत शिरली होती. आपल्याकडे ती कुशनवाल्यांच्या हातात आहे, आणि तिचे मराठी-कानडी मिसळलेले शब्दही त्यांच्याच तोंडी आहेत. ते आज कोणी टिपून ठेवले नाहीत, तर हातांबरोबर शब्दही जातील.