सहा गिऱ्हाइकांचा मुहूर्त

नवे दुकान थाटावे, गावभर दवंडी पिटावी, मुहूर्ताला दाराशी माणसांची रीघ लागावी आणि रात्री हिशेबाला बसावे तो सौदे अवघे सहा! अमेरिकेच्या सरकारवर १ ऑक्टोबर २०१३ रोजी नेमकी हीच पाळी आली.

नोकरीतून आरोग्यविमा न मिळणाऱ्यांना तो घरबसल्या घेता यावा, म्हणून ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ त्या दिवशी ३६ राज्यांसाठी उघडले. लाखो लोक आले. शेवटच्या पायरीपर्यंत पोचून विमा निवडणारे मात्र सरकारी टिपणांप्रमाणे पहिल्या दिवशी सहाच निघाले. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. आजारी माणसाला विमा नाकारण्याची कंपन्यांची मुभा १ जानेवारी २०१४ पासून संपणार होती. घरात रुग्ण असलेली कित्येक कुटुंबे त्या तारखेकडे डोळे लावून बसली होती.

गर्दी फार लोटली, असा खुलासा झाला. तो खोटा नव्हे, पण अपुरा. विम्याचे दर नुसते पाहण्याची सोय ऐनवेळी वगळली होती. आधी खाते उघडा, मग माल पाहा! लुगडे दाखवण्यापूर्वी गिऱ्हाइकाची कुळकथा विचारणारा दुकानदार आपण कधी पाहिला आहे काय? साहजिकच, सहज डोकावायला आलेलाही त्याच एका दारात चेंगरला. सबंध वाट आरंभापासून अखेरपर्यंत तपासण्याचे काम तर उद्घाटनाआधी जेमतेम दोन आठवडे सुरू झाले, हे ठेकेदारांनीच प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सांगितले. ज्याचा त्याचा भाग ठीक होता म्हणे. गाडा तेवढा चिखलात!

वास्तविक मोजपट्टी जुनीच होती. वेबचा आराखडा मांडला जाण्याच्या तीन वर्षे आधी, १९८६ साली, इंग्लंडात जॉन ब्रुक यांनी दहा विधानांची प्रश्नावली रचली. एक विधान स्तुतीचे, पुढचे निंदेचे. म्हणजे डोळे झाकून ‘होय, होय’ म्हणण्याची सोय नाही. काम करून पाहिल्यावर माणसाने पाच पायऱ्यांवर मत द्यायचे आणि त्यावरून शून्य ते शंभर गुण काढायचे. तयार संकेतस्थळ चार सामान्य माणसांच्या हाती देऊन एवढे विचारले असते, तरी खात्याचा अडसर तेव्हाच दिसला असता, असे माझे मत आहे.

पुढे तज्ज्ञांची कुमक आली. पान उघडायला सरासरी आठ सेकंद लागत, ते नोव्हेंबरअखेर एका सेकंदाच्या आत आले. दर आधी पाहण्याची सोयही परतली. एप्रिल २०१४ पर्यंत, राज्यांचे स्वतंत्र विमाबाजार धरून, ८० लाख लोकांनी नावे नोंदवली.