स्टीम प्रेस, कोळशाची इस्त्री आणि रत्नागिरीचा पावसाळा

सिनॉप्सिसचा पहिला खर्डा मी सरांना दाखवला, त्यात एक वाक्य अगदी आत्मविश्वासाने लिहिलं होतं: 'वाफेच्या प्रेसमुळे घरगुती इस्त्रीचे श्रम कमी झाले.' सरांनी बाकी काही खोडलं नाही. त्या वाक्याच्या शेजारी पेन्सिलीने फक्त एक शब्द लिहिला, 'कोणाचे?' त्या एका शब्दामागे मी पुढे कित्येक महिने फिरले. तुमच्यापैकी जे आता विषय ठरवताहेत, त्यांच्यासाठी ती भटकंती इथे मांडते.

माझं काम रत्नागिरी परिसरातल्या घरकामाच्या साधनांवर आहे. सुरुवातीला मी केलेली चूक बहुतेक जण करतात. साधनाचा इतिहास म्हणजे शोधांची यादी, असं धरून चालले. न्यूयॉर्कच्या हेन्री सीलीने 1882 साली विजेच्या इस्त्रीचं पेटंट घेतलं, 1926 मध्ये वाफेची इस्त्री बाजारात आली, मग आपल्याकडे ती कधीतरी पोचली, झालं प्रकरण. असं प्रकरण लिहायला दोन दिवस लागतात आणि त्यात रत्नागिरी कुठेच नसते.

खरं तर कपडा सपाट करण्याचं काम आपल्याकडे इस्त्रीच्या बरंच आधीपासून होतं. परीट कपडा धुवायचा, खळ द्यायचा, कुंदी करायचा आणि घडी घालायचा. 'परीटघडी' हा शब्द इस्त्रीशिवाय उभा आहे, हे लक्षात घ्या. 'इस्त्री' मात्र पाहुणी. गोव्याच्या दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर 1913 साली जो ग्रंथ काढला, त्यात हा शब्द 'एस्तिरार', म्हणजे ताणणे, या क्रियापदाशी जोडला आहे. मोल्सवर्थच्या कोशात 'इस्तरी' आहेच. म्हणजे शब्द किनाऱ्यावर जुना आहे. पण शब्द कोशात आहे म्हणून वस्तू घरोघरी होती असं होत नाही. (हे वाक्य माझ्या वहीत लाल शाईने लिहिलंय, कारण मी तसं गृहीत धरलं होतं.)

घरात ती का नसावी, हे अंगावरच्या कपड्यांकडे बघितलं की कळतं. धोतर, पंचा, लुगडं हे न शिवलेले कपडे. ते ओले असतानाच दोन माणसांनी दोन टोकं धरून झटकून वाळत घातले की काम भागतं. इस्त्रीची खरी मागणी शिवलेल्या कपड्याने आणली: सदरा, कोट, विजार, नंतर शाळेचा गणवेश. रत्नागिरीत हे कपडे कचेरीत, कोर्टात, शाळेत जाणाऱ्यांचे आणि मुंबईहून मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांचे. ज्यांच्याकडे इस्त्री नव्हती ते तांब्यात निखारे भरून फिरवायचे, किंवा पँट गादीखाली घालून झोपायचे. ही दुसरी युक्ती माझ्या वडिलांनीही कॉलेजात केली आहे.

मग आली कोळशाची पितळी इस्त्री, पुढे कोंबड्याच्या आकाराची खिट्टी असलेली. आमच्या घरची अजून माळ्यावर आहे. मी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर रिकामीच साडेचार किलो भरली. त्यात करवंट्यांचे निखारे. करवंटी कोकणात फुकट आणि तिचा निखारा कडक, फार राख न करणारा. तरी राख उडायचीच, म्हणून आजी आधी ओला फडका पसरायची आणि त्यावरून इस्त्री फिरवायची.

तो ओला फडका नीट बघा. सुती कपड्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की हे बंध सुटतात, आणि कपडा ज्या आकारात सुकेल त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणूनच कोरड्या सुती कपड्यावर कोरडी इस्त्री कितीही घासा, सुरकुती हटत नाही. म्हणजे वाफ नवी नाहीच. हाताने पाणी शिंपडणारी प्रत्येक बाई वाफेचीच इस्त्री करत होती. स्टीम प्रेसने नवीन काय दिलं, तर टाकीतलं पाणी आणि मोठी तबकडी. दाब हाताच्या ताकदीने न देता तरफेने द्यायचा. कारखान्यात आणि लाँड्रीत हे तंत्र फार आधी आलं. अमेरिकेत सिरॅक्यूजच्या हॉफमन नावाच्या शिंप्याचं यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. घरातल्या टेबलावर ते लहान होऊन उशिरा आलं.

रत्नागिरीत माझ्या आत्याकडे ते दुबईहून आलं, मुलाने पाठवलेलं. मी मुद्दाम जुलैत गेले आणि दोन दिवस वही घेऊन शेजारी बसले. चादर, उशीचे अभ्रे, काकांचं सोवळ्याचं धोतर, साडी: सगळं झटपट. चौपदरी घडी ठेवायची, झाकण दाबायचं, काही सेकंद थांबायचं, घडी सरकवायची. पण शर्ट आला की गाडी अडली. कॉलर, खांदा, बाहीचा जोड या काही सपाट वस्तू नव्हेत. प्रत्येक भाग वेगळा मांडावा लागतो, आणि चुकीचा मांडला तर सुरकुतीच कायमची होते. दोन शर्ट झाल्यावर आत्याने जुनी हातइस्त्री काढली.

दुसरी अडचण मला पुस्तकात सापडलीच नसती. जुलैत रत्नागिरीत इस्त्री म्हणजे सुरकुती काढणं नव्हे, वाळवणं. चार दिवस दोरीवर लोंबून कपडा दमटच, वास येतो तो वेगळा. पूर्वी चुलीच्या उबेला टांगायचे. गॅस आला, चूल गेली, ती ऊबही गेली. आता शेवटची ओल इस्त्रीने काढतात. अशा वेळी वाफ सोडणारं यंत्र काय कामाचं? आत्या पावसाळ्यात टाकी रिकामीच ठेवते. प्रेस कोरडा चालवते, आणि तसं त्याचं चालतंही बरं. पुस्तिकेतलं 'स्टीम' आमच्याकडे ऑक्टोबर ते मे असतं.

आता सरांचा 'कोणाचे?' रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं 'मोअर वर्क फॉर मदर' (1983) वाचलं नसेल तर जरूर वाचा. त्यांचा मुद्दा असा की अमेरिकेत यंत्रं घरात आली तेव्हा धोबीण आणि लाँड्री घराबाहेर गेली. बाहेर केलं जाणारं काम गृहिणीच्या अंगावर परतलं आणि स्वच्छतेची अपेक्षाही वाढली. त्याआधी जोअन व्हानेक यांनी 1974 साली दाखवलं होतं की नोकरी न करणाऱ्या अमेरिकन बायका 1924 मध्ये आठवड्याला 52 तास घरकाम करत होत्या आणि 1960च्या दशकात 55.

आत्याकडे मला नेमकं तेच दिसलं, आणि मी मनातल्या मनात टाळी वाजवली. पूर्वी काकांचे ऑफिसचे कपडे कोपऱ्यावरच्या परीटकाकांकडे जायचे, बाकीचे तसेच घडी करून कपाटात. आता सगळ्यांचे सगळे कपडे प्रेसखाली. सुनेचे टॉप, नातवाचा गणवेश, टेबलक्लॉथसुद्धा. "अगो, यंत्र आहे तर मग तसंच कसं ठेवायचं?" आत्या म्हणाली. परीटकाकांचं एक गिऱ्हाईक कमी झालं ते वेगळंच.

पण टाळी वाजवल्यावर सावध व्हा. सिद्धांत इतका चपखल बसतोय म्हणजे आपण तेवढंच बघतोय की काय, हे तपासायला हवं. मी शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांचा खांदा धरलाय, हात वर जात नाही. त्या खुर्चीवर बसून प्रेस चालवतात. उभं राहणं नाही, रेटणं नाही. त्यांना वेळ आधीपेक्षा जास्तच लागतो, तरी त्या म्हणतात सोपं झालं. वेळ आणि त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी तोवर फक्त घड्याळ बघत होते.

आकडे मदतीला येतील असं वाटलं होतं. 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटं आणि पुरुषांचा 97. हे सगळ्यांना पाठ असतं. पण आत शिरलात तर कळतं की इस्त्री आणि कपड्यांच्या घड्या एकाच सांकेतिक क्रमांकाखाली आहेत, आणि दिवसाची नोंद अर्ध्या तासाच्या टप्प्यांत होते, दहा मिनिटांहून छोटं काम सुटून जातं. सकाळी डबा भरता भरता एका शर्टावर फिरवलेली इस्त्री तिथे दिसणारच नाही. 1998-99च्या आधीच्या सर्वेक्षणात सहा राज्यं होती, महाराष्ट्र त्यात नव्हता, त्यामुळे तुलनाही नाही. जनगणनेत रेडिओ, टीव्ही, सायकल विचारतात, इस्त्री विचारत नाहीत. खर्चाच्या सर्वेक्षणात धोबी-लाँड्री-इस्त्री असा सेवेचा खर्च मिळतो. त्यातून काम घराबाहेर किती गेलं याचा अंदाज येईल, घरात कोणी केलं याचा नाही.

म्हणून मी सिनॉप्सिसमधलं वाक्य काढून टाकलं. आता तिथे तीन प्रश्न आहेत: प्रेस येण्याआधी कुठले कपडे इस्त्रीविना चालत होते, प्रेस आल्यावर परीटाकडे जायचं काय थांबलं, आणि पावसाळ्यात टाकीत पाणी असतं का. तिसरा प्रश्न वाचून सर हसले, पण पेन्सिल चालली नाही. मुलाखतींच्या यादीत मी आता परीटकाकांचं नाव सगळ्यात वर घातलंय. ते म्हणतात पाऊस उघडला की ये, आत्ता सगळ्यांचे ओले कपडे माझ्याकडेच पडलेत.