शब्दाच्या शेवटचा 'अ'

आमच्या उर्दूच्या वर्गात 'नौजवान' शब्द आला तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, यातला नौ मराठीच्या नव्यावरून घेतला का?" घेतलेला नाही. दोघे चुलत भाऊ आहेत. संस्कृत नव, ग्रीक नेओस, लॅटिन नोवुस, आणि आजच्या तुर्कस्तानच्या मातीत सापडलेल्या हित्ती भाषेतही नेवा. या हित्तीचा उलगडा बेद्रिख ह्रोझ्नी यांनी १९१५ साली केला. बैलांच्या मानेवरचे जू घ्या: संस्कृत युग, लॅटिन युगुम, हित्ती युगन.

या सगळ्यांची आद्य इंडो-युरोपीय आई लिहिली कधीच गेली नाही. लेकरांच्या चेहऱ्यांवरून तिचा चेहरा जुळवावा लागतो. तिच्या या शब्दांत मूळ आणि प्रत्यय यांच्यामध्ये ए किंवा ओ हा स्वर होता. संस्कृतात दोन्हींचा 'अ' झाला. तीच आपली अकारान्त नामे.

हा स्वर आला कुठून? 'पाद्' सारखी नामे जुन्या घडणीची दिसतात. पादम्, पण षष्ठीत पदः. आघात सरकतो, स्वर आखडतो. अकारान्त नामांत असे काही होत नाही, म्हणून ती नंतरची मानतात. काहींच्या मते जुन्या षष्ठीचे रूपच, 'अमक्याचा' या अर्थाने, नवा शब्द बनले. दुसरे मत असे की नामाला चिकटलेले ते एक सर्वनाम होते. देवस्य-तस्य, देवेन-तेन ही जोडी पाहा; पाद् ला हा 'स्य' लागतच नाही. अर्थात प्रत्यय मागाहून उसने आले असतील, स्वर आधीचाच असेल. वाद मिटलेला नाही.

मला स्वतःला सर्वनामाचे मत पटते, ते आपल्या इजाफतीमुळे. 'दर्द-ए-दिल' मधला तो इवलासा 'ए' प्राचीन फारसीतले 'जो' या अर्थाचे सर्वनाम होते. झिजत झिजत स्वर उरला. एकदा घडले ते त्याआधीही घडू शकते. हा पुरावा नव्हे, पण उर्दू शिकवणाऱ्याला असे चटकन दिसते खरे.

मराठीत तर हा 'अ' लिहितो आणि गिळतो. देव लिहायचे, 'देव्' म्हणायचे. पण देवस्यचे प्राकृतात देवस्स झाले, आणि 'देवाला', 'देवाचा' यांतला 'देवा' त्याच षष्ठीतून आल्याचे झ्यूल ब्लोक यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात मांडले. आमच्या मोहल्ल्यात 'खुदाला' म्हणतात तिथे 'खुदा'ला बदलावेच लागत नाही. त्याचा 'आ' घरूनच आलेला.