चारही चाकांना जोर, चारही टायरना एकच माप

पावसाळ्यात खड्ड्याच्या कडेवर आपटून टायरची बाजू फाटणे शहरी वाहनधारकाला नवीन नाही. इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळणारी गाडी असेल, तर एक नवा टायर घेऊन काम भागते. चारही चाकांना जोर देणाऱ्या, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत मात्र तीन झिजलेल्या टायरांच्या जोडीला एक कोरा टायर बसवणे महागात पडू शकते. पुढे ट्रान्सफर केस, मधला क्लच किंवा डिफरन्शियल यांच्या दुरुस्तीवर टायरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च करावा लागतो आणि त्या बिघाडाचे मूळ टायरमध्ये होते, हे अनेकदा लक्षातही येत नाही.

गाडी वळते तेव्हा चारही चाके वेगवेगळ्या लांबीच्या मार्गांवरून जातात. बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. त्याचप्रमाणे पुढच्या जोडीचा मार्ग मागच्या जोडीपेक्षा लांब असतो. डाव्या-उजव्या चाकांमधला फरक त्या त्या आसावरील डिफरन्शियल सांभाळते. पुढच्या आणि मागच्या आसांमधला फरक सांभाळण्यासाठी मात्र आणखी एका यंत्रणेची गरज असते. ही गरज कशी भागवली आहे, त्यावरून या गाड्यांचे प्रकार पडतात आणि कोणत्या गाडीला टायरमधला किती फरक चालेल, हेही त्यावरच ठरते.

जुनी जिप्सी, थार किंवा २०२३ मध्ये भारतात आलेली जिम्नी या गाड्यांत अशी मधली यंत्रणाच नाही. लिव्हर ‘४एच’वर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना थेट जोडले जातात. चिखल, वाळू किंवा बर्फावर चाके थोडी घसरतात आणि फरक पचतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरण्याची ती मुभा नसते. शाफ्टना पीळ बसतो, पूर्ण स्टिअरिंग फिरवून गाडी वळवताना ती अडखळते आणि टायर खरडले जातात. म्हणून अशा गाड्या एरवी ‘२एच’मध्येच चालवायच्या असतात. पाऊस पडतो आहे एवढ्याच कारणाने साध्या ओल्या रस्त्यावर ‘४एच’ लावून ठेवणारे चालक आपल्याच गाडीचे नुकसान करत असतात.

दुसरा प्रकार कायम चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांचा. इंग्लंडच्या जेन्सन एफएफने १९६६ मध्ये आणि ऑडी क्वाट्रोने १९८० मध्ये ही पद्धत मोटारींत आणली. यात पुढच्या-मागच्या आसांमध्ये स्वतंत्र डिफरन्शियल असते. तिसरा आणि आज सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे गरजेपुरती ऑल व्हील ड्राइव्ह. २०१४ ची डस्टर, २०२१ ची एक्सयूव्ही ७०० यांच्या ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्त्या या वर्गातल्या. गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते. पुढची चाके घसरू लागली, की विद्युतनियंत्रित क्लच मागच्या आसाला जोर पोहोचवतो. पुढची चाके घसरत आहेत हे संगणकाला कळते ते चाकांच्या फेऱ्यांमधील फरकावरून. आणि टायर कमी-जास्त झिजलेले असले, तरीही नेमका तसाच फरक पडतो.

फेऱ्यांचा हिशेब

एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या आवृत्त्यांना २३५/६० आर १८ या मापाचे टायर होते. टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६० टक्के म्हणजे १४१ मिलिमीटर आणि रिमचा व्यास १८ इंच, म्हणजे ४५७.२ मिलिमीटर. बाजूची उंची दोनदा मिळवली, की टायरचा पूर्ण व्यास ७३९.२ मिलिमीटर आणि घेर सुमारे २,३२२ मिलिमीटर येतो. कोऱ्या टायरच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटर धरू. ती झिजून ३ मिलिमीटर उरली, तर व्यास १० मिलिमीटरने आणि घेर सुमारे ३१ मिलिमीटरने घटतो. कोरा टायर एका किलोमीटरला सुमारे ४३०.६ फेरे घेतो, तर झिजलेला ४३६.५. फरक जेमतेम सहा फेऱ्यांचा. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ९४.५ किलोमीटरमध्ये तो साडेपाचशेच्या वर जातो. प्रत्यक्ष रस्त्यावर गाडीच्या वजनाने टायर दबतो, त्यामुळे नेमके आकडे थोडे बदलतील. फेऱ्यांचे अंतर मात्र मिटत नाही.

वळणावर पडणारा फरक काही सेकंदांचा असतो. टायरमुळे पडणारा फरक सरळ रस्त्यावर, तासन् तास चालू राहतो. मागचे दोन्ही टायर नवे आणि पुढचे दोन्ही झिजलेले असतील, तर तो पूर्णपणे मधल्या यंत्रणेवर येतो. चारांपैकी एकच टायर नवा असेल, तर त्या आसाच्या सरासरीमुळे मधल्या यंत्रणेवर निम्माच भार पडतो. मात्र त्या आसाचे डिफरन्शियल, जे सरळ रस्त्यावर जवळपास स्थिर राहायला हवे, ते अखंड फिरत राहते. क्लच असलेल्या गाडीत क्लचच्या चकत्या एकमेकींवर घासून तेल तापते. काही जुन्या गाड्यांत क्लचऐवजी सिलिकोन तेलाचे व्हिस्कस कपलिंग असे. सतत घसरल्याने ते तेल तापून कपलिंग घट्ट बसत असे आणि गाडी ‘४एच’ लावल्यासारखी अडखळू लागे.

नव्या गाड्या स्वतःला थोडेफार वाचवतात. तापमान वाढले, की संगणक मागच्या आसाचा जोर तोडतो आणि समोर इशाऱ्याचा दिवा लागतो. अशा वेळी सेन्सर बदलण्याआधी चारही टायरची नक्षी मोजून घ्यावी. पार्किंगमध्ये सावकाश वळताना चाके उड्या मारल्यासारखी अडखळणे, गाडीच्या पोटातून येणारी घरघर, जळक्या तेलाचा वास ही त्यापुढच्या टप्प्याची लक्षणे होत.

किती फरक चालेल, याचे एकच उत्तर नाही. सुबारू ही जपानी कंपनी याबाबत सर्वांत काटेकोर समजली जाते. चारही टायरच्या घेरातील फरक पाव इंचापेक्षा जास्त नसावा, असा तिचा दंडक आहे. नक्षीच्या खोलीत मोजला तर हा फरक जेमतेम एक मिलिमीटर भरतो. ऑडीच्या गाड्यांना सुमारे तीन मिलिमीटरपर्यंतची सवलत सांगितली जाते. गाडीच्या मालकपुस्तिकेत आकडा दिला असेल, तर तोच प्रमाण मानावा. नसेल, तर दोन मिलिमीटरच्या आत राहणे शहाणपणाचे. अमेरिकेत काही विक्रेते नवा टायर यंत्रावर तासून उरलेल्या तिघांच्या मापाचा करून देतात. कोरा टायर विकत घेऊन तासायचा, हे भारतीय ग्राहकाला चमत्कारिक वाटेल. पण तीन चांगले टायर फेकण्यापेक्षा तो सौदा स्वस्त पडतो.

पाचवे चाक

यावर सर्वांत सोपा उपाय गाडीतच असतो, तो म्हणजे स्टेपनी. थार किंवा जिम्नीसारख्या गाड्यांना मागच्या दारावर पूर्ण मापाचे पाचवे चाक मिळते. बहुतेक मालक ते वर्षानुवर्षे तिथेच ठेवतात आणि चार टायर झिजल्यावर स्टेपनी ‘नवी’ असल्याचा आनंद मानतात. त्याऐवजी दर आठ ते दहा हजार किलोमीटरला पाचही चाके आळीपाळीने फिरवली, तर पाचही सारखीच झिजतात. खड्ड्यात एक टायर फाटला, तर त्याच झिजेचा जोडीदार हाताशी असतो. शिवाय चार टायरांचे आयुष्य सुमारे पंचवीस टक्क्यांनी लांबते. मात्र एकाच दिशेने फिरणारी, बाणाची खूण असलेली नक्षी असेल, तर चाके त्याच बाजूला पुढे-मागे करता येतात आणि स्टेपनी या फेऱ्यात सहज बसत नाही.

ज्या गाड्यांना अरुंद, तात्पुरती स्टेपनी मिळते, तिथे हा उपाय नाही. अशी स्टेपनी ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत आणि जवळच्या टायरच्या दुकानापर्यंतच वापरायची असते. तिचा घेर मुख्य टायरशी जुळत नसेल, तर ऑल व्हील ड्राइव्हला हे अंतरही जाचते. सुबारूच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत याकरिता बॉनेटखाली एक खास जागा असे. तिथे फ्यूज बसवला, की मागच्या चाकांचा जोर बंद होई.

झीज मोजण्यासाठी नक्षीची खोली मोजणारी छोटी पट्टी पुरेशी असते. टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या अशा तिन्ही खाचांत माप घ्यावे. मध्य जास्त झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेले, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा खरा ठरतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. खाचांमधील रबराचे उंचवटे हीच पातळी दाखवतात. घेराची खातरजमा करायची असेल, तर शिंप्याची टेप टायरभोवती गुंडाळावी, किंवा टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी चाकाच्या नेमक्या एका फेऱ्याइतकी ढकलावी आणि अंतर मोजावे. दुसरी पद्धत अधिक विश्वासार्ह, कारण त्यात गाडीचे वजन टायरवर असते. त्याआधी चारही टायरमध्ये हवा सारखी भरलेली असावी, हे ओघानेच आले.

आकडे आणि रिम

बाजूला छापलेले माप एकच असले, तरी दोन कंपन्यांच्या टायरचा प्रत्यक्ष घेर तंतोतंत सारखा नसतो. म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे असावेत. मापाच्या पुढचा आकडाही पाहावा. १०३एच याचा अर्थ एका टायरवर ८७५ किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेग चालेल. १०० या भारांकाला हीच मर्यादा ८०० किलोवर येते. टायर जुना आहे का, हे चार अंकी खुणेवरून कळते: २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

मोठ्या रिमचा मोह आजकाल अनेकांना होतो. तो व्यास सांभाळून पुरा करता येतो. २३५/६० आर १८ ऐवजी २३५/५५ आर १९ घेतला, तर व्यास ७४१.१ मिलिमीटर होतो. फरक दोन मिलिमीटरचाही नाही. पण १८ इंची रिमवर २५५/६० चढवला, तर व्यास तीन टक्क्यांनी वाढून ७६३.२ मिलिमीटर होतो. चारही टायर तसेच असतील तर क्लचची तक्रार राहत नाही. मात्र वेगदर्शकाचा काटा मागे पडतो आणि चाक आतल्या प्लास्टिकला घासण्याची भीती असते. जिम्नीचे मूळ माप १९५/८० आर १५. हौशी मालक तिथे २१५/७५ आर १५ बसवतात. व्यास ६९३ चा ७०३.५ मिलिमीटर होतो, म्हणजे दीड टक्का वाढ. ही वाढ पाचव्या चाकालाही हवी, हे मात्र दुकानात अनेकदा कुणी सांगत नाही.

पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर कंपनीनेच दिलेल्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्याही आहेत. बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीजच्या काही आवृत्त्यांना पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८ असतात. रुंदीत ३० मिलिमीटरचा फरक असूनही व्यास ६५९.७ आणि ६६१.२ मिलिमीटर येतो. अशा गाडीत टायर पुढे-मागे फिरवता येत नाहीत.

रिम निवडताना नटांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, आधी जुळला पाहिजे. फोक्सवॅगन समूहाच्या कोडियाकला ५×११२, तर जिम्नीला ५×१३९.७. त्यानंतर मधले भोक. ते हबवर घट्ट बसले नाही, तर चाकाचे केंद्र केवळ नटांच्या भरवशावर राहते आणि वेगात स्टिअरिंग थरथरते. तिसरी गोष्ट ऑफसेट, रिमवर ‘ईटी’ अक्षरांपुढे लिहिलेली. ४५ ऐवजी ३० ऑफसेटची रिम घेतली, तर चाक १५ मिलिमीटर बाहेर सरकते. गाडी रुबाबदार दिसते, पण बेअरिंगवरचा भार वाढतो आणि खड्ड्यातून जाताना स्टिअरिंगला हिसका बसतो. ऑफसेट तेवढाच ठेवून रिम एक इंच रुंद घेतली, तर ती आत-बाहेर १२.७ मिलिमीटरने वाढते. आतल्या बाजूला सस्पेन्शनपर्यंत जागा आहे का, हे आधी पाहावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. म्हणूनच मालकपुस्तिकेत किंवा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या मापांतून निवड करणे विमा दाव्याच्या दृष्टीनेही सोयीचे.

टाटाने २०२५ मध्ये आणलेल्या हॅरियर ईव्हीसारख्या दोन मोटारींच्या विद्युत गाड्यांत पुढच्या-मागच्या आसांना जोडणारा शाफ्टच नाही. त्यामुळे पीळ बसण्याचा प्रश्न उरत नाही. पण कोणत्या मोटारीला किती जोर द्यायचा, हे संगणक चाकांच्या फेऱ्यांवरूनच ठरवतो, त्यामुळे विसंगत टायर तिथेही घोटाळा करतात. शिवाय बॅटरीच्या वजनामुळे या गाड्यांचे टायर लवकर झिजतात.

चाके बदलून झाली, की नट हवेच्या यंत्राने ठोकून न आवळता पुस्तिकेत दिलेल्या जोराने, टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने आवळून घ्यावेत. नवी अलॉय चाके बसवली असतील, तर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासावेत.