अधिष्ठान रिकामे का ठेवले?

दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला, दुपारचे ४ वाजून ५८ मिनिटे झाली की, गुरुकुंज मोझरीला जमलेला अफाट जनसमुदाय जागच्या जागी स्तब्ध होतो. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले, त्या घटकेला वाहिलेली ही मौन श्रद्धांजली. दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस येणारी ही तिथी आमच्या वऱ्हाडातल्या खेड्यांत कॅलेंडर न पाहताही ध्यानात असते. घाटंजीच्या बाजूने कापूस वेचणीच्या तोंडावर हातातले काम टाकून मोझरीला जाणारी माणसे पाहिली की एक प्रश्न मनात येतो. पंथ उभा करणाऱ्या माणसाला काहीतरी दिसलेले असते. तो गेल्यावर ते दिसत राहावे, यासाठी मागे राहिलेला समुदाय काय करतो?

'द्रष्टा' हा शब्द आपण फार सैल वापरतो. पुढचे भाकीत करणारा तो द्रष्टा, असा समज आहे. तुकडोजी महाराजांना दिसले ते भाकीत नव्हते, ते समोरचे खेडेच होते. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मलेल्या या माणसाचे शालेय शिक्षण अगदी जुजबी. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. हातात खंजिरी घेऊन गावोगाव भजन करीत हिंडताना त्यांनी घाण, कर्ज, दारू, जातीजातींतले अंतर हे सगळे जवळून पाहिले. १९३५ मध्ये मोझरीला आश्रम उभा राहिला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. पुढे १९५५ मध्ये 'ग्रामगीता' आली. तिच्या ४१ अध्यायांत ग्रामशुद्धी आहे, ग्रामआरोग्य आहे, श्रमसंपत्ती, महिलोन्नती आणि गोवंशसुधारही आहे. एका अध्यायाचे नाव 'भूवैकुंठ'. वैकुंठ मेल्यावर गाठायचे नसून गावातच उभे करायचे, ही त्यांची दृष्टी त्या एका शब्दात आली आहे.

श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेची मांडणी या दृष्टीशी जुळवून पाहावी. सकाळी ध्यान, सायंकाळी प्रार्थना. सगळ्यांनी ओळीने बसायचे, श्रीमंताला वेगळी जागा नाही. समोर कोणत्याही देवाची मूर्ती नाही. असते ते 'अधिष्ठान', म्हणजे केवळ एक आसन. मूर्ती असती तर ती कोणाची, हा वाद आलाच असता. आसन रिकामे असल्यामुळे कोणत्याही धर्माचा माणूस त्यासमोर बसू शकतो. मला यात दुसराही अर्थ दिसतो. आसनावर कोणी नाही म्हटल्यावर नजर तिथे अडत नाही, ती पुन्हा बसलेल्या ओळींकडे, म्हणजे गावाकडे वळते. प्रार्थनेला जमणाऱ्यांनीच ग्रामसफाईला उतरायचे, ही रीत त्यातूनच येते.

संस्थापकानंतर काय, हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. सातशे वर्षांपूर्वी याच भागात, रिद्धपूरला, महानुभावांपुढे तो उभा होता. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. नागदेवाचार्यांनी तर केशिराजांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले. आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही, एवढेच त्यांचे कारण. पुढे कोण वाचणार, हे ध्यानात ठेवून घेतलेला हा निर्णय होता आणि त्याने मराठीचे कल्याण केले. पण त्यानंतरच्या पिढ्यांनी, चौदाव्या शतकापासून, तेच ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. ग्रंथ वाचले खरे, पण शेजारच्या माणसाला ते कित्येक शतके वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि मग आमच्या यवतमाळचे य. खु. देशपांडे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे ते भांडार लोकांपुढे आले. त्याच पंथाने आधी म्हाताऱ्यांसाठी दार उघडे ठेवले होते आणि नंतर भीतीपोटी कुलूप लावले. जपणे आणि पुढे नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या इतिहासातून मी शिकलो.

गुरुदेव सेवा मंडळापुढे धोका कुलपाचा नाही, तसबिरीचा आहे. आज अनेक गावांत अधिष्ठानावर महाराजांची तसबीर दिसते. ती प्रेमानेच ठेवलेली असते. तिच्यावर टीका करण्याचा अधिकार मला नाही. तरीही तसबीर आली की दर्शन सुरू होते. दर्शनात आपण महाराजांना पाहतो; महाराजांनी जिकडे पाहिले तिकडे पाहणे मात्र राहून जाते. पुण्यतिथी मोठी होत जाते आणि रोजची सायंप्रार्थना लहान होत जाते. पांढऱ्या केसांची चार माणसे खंजिरी घेऊन बसतात, पोरे मोबाइल घेऊन पारावर असतात. पोरांना दोष देऊन भागणार नाही. प्रार्थना संपल्यावर गावात काहीच होत नसेल, तर त्यांनी तिथे कशासाठी यावे?

यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेली पंचवीस वर्षे शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर घेतले जाते. 'ग्रामगीते'त 'गरीबी-श्रीमंती' नावाचा अध्याय आहे, श्रमावर आहे, व्यसनावरही मजकूर आहे. म्हणजे ज्या दुखण्याने आम्हाला ग्रासले, त्याकडे पाहायला शिकवणारा ग्रंथ याच मातीत, याच भाषेत लिहिला गेला होता. सायंकाळी गाव एका ओळीत बसत असेल, तर ओळीतून कोण गळाले हे चटकन कळते. चार दिवस न आलेल्याच्या घरी पाचव्या दिवशी कोणी गेले, तर तो माणूस कर्जाविषयी बोलेलही. प्रत्येक जीव यामुळे वाचला असता, असे मी म्हणणार नाही. पण एवढे करणे कोणत्याही मंडळाच्या हातात आहे आणि त्यासाठी सरकारी योजना लागत नाही.

मोझरीचे मौन संपले की माणसे आपापल्या गावी परततात. मंडळाचे भविष्य मोझरीत ठरत नाही. ते दुसऱ्या दिवशी सायंकाळी ठरते, गावातल्या प्रार्थनेला किती जण बसले आणि कोण आले नाही म्हणून कोणी चौकशी केली, यावर. अधिष्ठान रिकामे ठेवले होते ते बहुधा यासाठीच.